आधी झिरोइंग, मग नेम

फौजेत गोळीबाराआधी रायफलचं झिरोइंग करतात. ते चुकलं, तर नेम कितीही पक्का असला तरी गोळी भलतीकडे जाते. रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्येही तसंच आहे.

कोणतं अँटिबायोटिक चालेल हे पाहायला, जंतू पसरलेल्या प्लेटवर औषधाच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. प्लेटमधला अगारचा थर साधारण 4 मिलिमीटर हवा. थर जाड झाला, तर वर्तुळ लहान येतं आणि चालणारं औषध निकामी ठरू शकतं. पातळ झाला, तर निकामी औषध चालणारं वाटतं. तेच रुग्णाला दिलं जातं. जंतू कालवलेलं सलाइनही 0.5 मॅकफार्लंड मानकाइतकंच गढूळ हवं.

हे पुस्तकातून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं. म्हणून ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा जंतू, उदाहरणार्थ एटीसीसी 25922 क्रमांकाचा ई. कोलाय, शिकणाऱ्याला द्या. वर्तुळ ठरलेल्या मर्यादेत आलं नाही, तर रागावू नका. कुठली पायरी चुकली, ते त्यालाच शोधू द्या आणि पुन्हा करायला लावा. हात बसला, की मगच रुग्णाचा नमुना. जय हिंद.