गृहपाठाच्या वहीतली मोटार

औंढा नागनाथजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडियाची प्रयोगशाळा होत आहे. काटकोनात टाकलेल्या, प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांनी गुरुत्वीय लहरी टिपायच्या, हे तिचे काम. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पण काटकोन त्रिकोण आपल्या माळावरही असतोच.

त्याच भागात एका शेतकरी बंधूंकडे गेलो होतो. ओसरीवर त्यांची दहावीतली मुलगी त्रिकोणमितीची उदाहरणे सोडवीत होती. त्यांना विहिरीचे पाणी माळावरच्या एकरभर हळदीला न्यायचे होते. "साहेब, पाचची मोटार लागंल म्हणतेत. खरं का?" मी म्हटले, "लेकीलाच विचारू."

कोनमापकाला दोरा व खडा बांधला. तिच्या डोळ्याइतक्या उंचीची काठी घेऊन धाकटा भाऊ वरच्या बांधावर उभा राहिला. सरळ कडेवरून तिने काठीचे टोक पाहिले. दोरा ८० वर आला. म्हणजे चढ १० अंश. इथे गाडी अडली. शाळेत ३०, ४५, ६० अंशांच्याच किमती पाठ करून घेतात. आपल्या माळाला हे कोण सांगणार? कोष्टकात साइन १० ची किंमत ०.१७ मिळाली. पाइप १५० मीटर, म्हणजे उंची सुमारे २६ मीटर. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी १० मीटर खाली जाते, ते मिळविले. पाइपातल्या घर्षणाचे ४ धरले. हेड ४० मीटर.

पुढे भौतिकशास्त्र. सेकंदाला ४ लिटर, गुणिले ९.८, गुणिले ४० : १,५६८ वॅट. अश्वशक्ती ७४६ वॅटची, म्हणून २.१. पण मोटारीच्या शक्तीतली निम्मीच पाण्याला लागते असे धरावे. (नोकरीच्या पहिल्या वर्षी हे विसरून मी एकाला लहान मोटार घ्यायला लावली होती.) म्हणजे ४.२, पाचचीच लागणार. वडिलांचा चेहरा उतरला.

"काका, पाणी कमी घेतलं तर?" मुलीने विचारले आणि गणित उलटे मांडले. पावणेतीन लिटर धरले तर २.९ अश्वशक्ती, तीनची पुरते. तासाला ९,९०० लिटर. एकरावर ६ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे २४,००० लिटर. अडीच तासांचे काम.

'४० मीटर हेडला पावणेतीन लिटर' एवढे चिठ्ठीवर लिहून वडिलांनी ती टोपीत खोचली. दुकानात नुसती अश्वशक्ती सांगू नका, पाटीवर हे दोन आकडे पाहा, असे मी बजावले. मुलगी पुन्हा वहीकडे वळली. पुढचे उदाहरण दीपगृहावरून दिसणाऱ्या जहाजाचे होते.