प्रवेशाची वार्ता, थेट मूळ पेढीवरून

मुलाच्या परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की बहुतेक व्यापारी घरांत पहिला शोध सुरू होतो तो सल्लागाराचा. माल घेताना जो गृहस्थ मूळ उत्पादकाकडे भाव विचारल्याखेरीज सौदा करत नाही, तोच येथे मधल्या माणसाच्या शब्दावर लाखो रुपयांचा निर्णय घेतो. सगळेच सल्लागार अप्रामाणिक असतात असे मुळीच नाही. परंतु ब्रिटन व ऑस्ट्रेलियातील अनेक विद्यापीठे विद्यार्थी पाठवणाऱ्या एजंटांना कमिशन देतात, हे पालकांना ठाऊक असावे.

मूळ पेढीशी थेट बोलण्याची सोय आता उपलब्ध आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाने २०२० साली, कोविडच्या काळात, ‘इनसाइड द येल ॲडमिशन्स ऑफिस’ हा पॉडकास्ट सुरू केला. पॉडकास्ट म्हणजे मोबाईलवर हवा तेव्हा ऐकता येणारा रेडिओ कार्यक्रमच. अर्ज वाचणारे अधिकारी स्वतः त्यात बोलतात. डार्टमथ महाविद्यालयाचे प्रवेशप्रमुख ली कॉफिन यांचा ‘ॲडमिशन्स बीट’ हाही असाच उपक्रम आहे. दोन्ही इंग्रजीत आहेत आणि दोन्ही विनामूल्य आहेत.

यातून काय कळते? प्रथम कळते ती कार्यपद्धती. येलमध्ये एखाद्या भागाची जबाबदारी असलेला अधिकारी अर्ज वाचून तो समितीपुढे मांडतो आणि सदस्य मतदान करतात. विद्यार्थ्याचे गुण त्याच्या शाळेच्या व परिस्थितीच्या संदर्भात पाहिले जातात. त्यामुळे लहान गावातील शाळा म्हणजे उणेपणा, ही भीती बरीचशी निराधार ठरते.

दुसरा मुद्दा निबंधाचा. अमेरिकेतील शेकडो संस्थांसाठी चालणाऱ्या ‘कॉमन ॲप’ अर्जातील मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे. तो दुसऱ्याकडून लिहून घेण्याचा मोह पालकांना होतो. अधिकाऱ्यांचे म्हणणे ऐकल्यावर उलगडते की त्यांना मुलाचा स्वतःचा आवाज हवा असतो. सुट्टीत गल्ल्यावर बसताना, उधारीची वही तपासताना मुलाला जे उमगले, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. उसन्या भारदस्त शब्दांपेक्षा ते अधिक मोलाचे ठरू शकते.

तिसरा मुद्दा पैशाचा. येलमधील आर्थिक साहाय्य गुणांवर नव्हे, तर कुटुंबाच्या गरजेवर ठरते. साहाय्य मागितले म्हणून परदेशी विद्यार्थ्याचाही प्रवेश नाकारला जात नाही. त्यासाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची आणि धंदा असल्यास धंद्याचीही माहिती द्यावी लागते. हिशेब वेळच्या वेळी नीट ठेवणाऱ्या घराला हे जड जाऊ नये. अर्थात येलमध्ये अलीकडे शंभर अर्जदारांतील पाचांनाही प्रवेश मिळत नाही. श्रवण म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. मात्र तेथे मिळालेली समज इतर विद्यापीठांचे अर्ज भरतानाही उपयोगी पडते.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. बोललेला शब्द जुना होतो. २०२० मध्ये येलने एसएटीसारख्या परीक्षा ऐच्छिक केल्या होत्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये मात्र एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी यांपैकी कोणत्या तरी परीक्षेचे गुण पुन्हा आवश्यक असल्याचे जाहीर केले. जुना भाग ऐकून कोणी परीक्षाच दिली नाही, तर मुलाचे अख्खे वर्ष वाया जाईल. म्हणून प्रत्येक भागाची तारीख पाहावी आणि नियम, मुदत व शुल्क विद्यापीठाच्या लेखी सूचनेशी ताडून घ्यावे. समज कानाने घ्यावी, व्यवहार मात्र कागदावरून करावा.

मुलगा किंवा मुलगी अकरावीत असतानाच आठवड्यातून एक भाग पालकांनी व पाल्याने एकत्र ऐकावा. गाडीत, अथवा रात्रीच्या जेवणानंतर, अर्धा-पाऊण तास पुरेसा आहे. वहीत प्रश्न टिपून ठेवावेत. त्यानंतर सल्लागाराकडे जायचे असेल तर खुशाल जावे. पण तेव्हा त्याच्यासमोर बसलेले गिऱ्हाईक भाव माहीत असलेले असेल. मुख्य म्हणजे, ज्याच्या आयुष्याचा हा निर्णय आहे त्या मुलाचे म्हणणेही त्या निमित्ताने घरात ऐकले जाईल.