मळीचा पंप सावकाश का फिरतो?



हंगामात कारखाना पाहायला येणारे सभासद मळीच्या पंपाजवळ हमखास थांबतात. ‘साहेब, आमच्या विहिरीवरचा पंप मिनिटाला १४४० नाहीतर २८८० च्या आसपास फेरे घेतो. हा एवढा मोठा पंप असा सावकाश का? बिघडला काय?’ असे आम्हाला विचारतात. पंप बिघडलेला नसतो, त्याची जातच वेगळी आहे. ती समजून घेणे शेतातही उपयोगाचे आहे, म्हणून हे चार शब्द.

विहिरीवरच्या पंपातला पंखा पाण्याला गरगर फिरवून बाहेर फेकतो. उसाचा रस पातळ असल्याने कारखान्यात त्याला असाच पंप चालतो. पण साखर काढून उरलेली मळी, म्हणजे मोलॅसिस, चांगलीच घट्ट असते. साखरेचे दाणे असलेले मॅसिक्विट तर त्याहून जड. असा माल पंख्याला फेकता येत नाही. पंखा नुसता घुसळत बसतो आणि मोटारीवर लोड येतो.

तेथे ढकलणारा पंप लागतो. यालाच पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पंप म्हणतात. जुन्या मंडळींनी मोट पाहिली आहे. जितक्या खेपा तितक्या मोटा पाणी, हा तिचा हिशेब. या पंपातही दर फेऱ्याला ठराविक माप भरते आणि तेवढेच पुढे ढकलले जाते. गावचा हातपंप याच जातीचा. त्यात दट्ट्या असतो, मळीच्या पंपात फिरणारे रोटर असतात. घट्ट माल आत भरायला वेळ लागतो, म्हणून हा पंप सावकाश चालवतात. घाई केली तर माप अर्धवट भरते आणि पंप झिजतो.

आता महत्त्वाचे. विहिरीवरच्या पंपाचा व्हॉल्व्ह थोडा वेळ बंद राहिला तर पाणी आतल्या आत फिरते. ढकलणारा पंप मात्र ढकलतच राहतो. वाट बंद झाली की दाब चढत जातो आणि नळी फुटते किंवा पंप मोडतो. म्हणून त्याला सुरक्षा व्हॉल्व्ह असतो. आपला फवारणीचा एचटीपी पंपही याच जातीचा. गन बंद केली की औषध परतीच्या नळीने टाकीत येते. एका शेतकऱ्याने ‘औषध उगाच परत जाते’ म्हणून ही नळीच बांधून टाकली. गन बंद करताच पाईप फुटला आणि औषध अंगावर उडाले. वेळेवर धुतले म्हणून निभावले. परतीची नळी कधीही बांधू नये.

शेवटी आमच्या खात्याची गोष्ट. तोडलेला ऊस फडात पडून राहिला, की जंतू त्यातील साखर खाऊन डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. रस बुळबुळीत होतो, पॅन उकळायला वेळ लागतो, मळी जास्त घट्ट होते आणि तिच्याबरोबर जास्त साखर निघून जाते. पंप तीही मळी ढकलेल, पण गेलेली साखर परत येत नाही. उतारा घटतो, आणि उसाचा दर उताऱ्याशी बांधलेला आहे.

तेव्हा तोडणीची चिठ्ठी आल्याशिवाय ऊस तोडू नका, जळीत टाळा, आणि तोडलेला ऊस शक्यतो त्याच दिवशी गव्हाणीत पडेल असे पाहा. फायदा आपलाच आहे.