पेशींवरील खुणा आणि पेशींचे नाना प्रकार

रक्तगट म्हणजे काय हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर काही खुणा असतात. त्यांवरून ए, बी, ओ असे गट ठरतात. या खुणांचे महत्त्व 1952 साली मुंबईत फार चांगले दिसून आले. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांना असे काही लोक आढळले की, ज्यांचे रक्त वरवर ओ गटाचे भासे, परंतु ओ गटाचे रक्तही त्यांना चालत नसे. ओ रक्तावर असणारी ‘एच’ नावाची खूणच त्यांच्या पेशींवर नव्हती. हाच तो ‘बॉम्बे’ रक्तगट. एक खूण कमी, आणि तेवढ्यावरून जिवाशी गाठ!

रक्ताची गोष्ट येथे काढण्याचे कारण असे की, हल्ली ‘स्टेम सेल’ हा शब्द जाहिरातींतून घरोघर पोचला आहे. गुडघ्यात सुई, मधुमेहावर सुई, बाळाची नाळ जपून ठेवण्याची योजना, एक ना दोन. रोगी नागपूरला जावो की हैदराबादला, खर्चाचा आकडा ऐकून कुटुंब हबकते आणि मदतीसाठी ट्रस्टचे दार ठोठावते. तेव्हा ही वस्तू मुळात काय आहे हे सभासदांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

स्टेम सेलला आपण मूळपेशी म्हणू. अस्थिमज्जेत दोन जातींच्या मूळपेशी असतात. एका जातीपासून रक्त तयार होते. दुसरीपासून हाड, कूर्चा आणि चरबी होऊ शकते. या दुसऱ्या जातीचा शोध मॉस्कोचे अलेक्झांडर फ्रीडेन्स्टाइन यांच्या कामातून लागला आणि 1991 साली अमेरिकेतील आर्नल्ड कॅप्लन यांनी तिला ‘मेसेंकायमल’ मूळपेशी हे नाव रूढ केले.

परंतु दुर्बिणीखाली या पेशी इतर पेशींसारख्याच दिसतात. मग ओळखायच्या कशा? येथे पुन्हा खुणाच कामी येतात. त्यांना सी.डी. व पुढे एक क्रमांक अशी नावे आहेत. प्रत्येक खुणेला नेमके जाऊन चिकटणारे, चमकणारा रंग लावलेले द्रव्य पेशींत मिसळतात. मग यंत्रातून एकेक पेशी पुढे जाते व चमकणाऱ्या किती, ते मोजले जाते. 2006 साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने कसोटी ठरवली. शंभरांतील किमान 95 पेशींवर सी.डी. 73, 90 आणि 105 या तीन खुणा हव्यात. सी.डी. 45, 34 अशा, रक्तपेशींच्या घराण्यातील खुणा शंभरांत दोनपेक्षा अधिक पेशींवर नसाव्यात. शिवाय त्या भांड्याच्या तळाला चिकटून वाढाव्यात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हाड, कूर्चा व चरबी या तिन्हींच्या पेशी घडाव्यात.

कसोटी उपयोगी खरी, पण अपुरी. याच तीन खुणा कातडीतील साध्या तंतुपेशींवरही सापडतात! एका शाळेचा गणवेश घातलेली सगळी मुले एका इयत्तेतली नसतात, हे शिक्षकाला सांगावे लागत नाही. मज्जेतील, चरबीतील आणि नाळेतील पेशींचा गणवेश एकच; गुण मात्र निराळे. 2016 साली रोमच्या संशोधकांनी दाखविले की, मज्जेतील पेशी आपण होऊन हाड बनवितात, पण तशाच खुणांच्या स्नायूंतील पेशी ते करीत नाहीत. दात्याचे वय बदलले, पेशी भांड्यात फार दिवस वाढविल्या, तरी त्यांचे वर्तन बदलते. चरबीतून नुकत्याच काढलेल्या पेशींवर सी.डी. 34 ही खूण असते, आणि वाढविता वाढविता ती नाहीशी होते. खुद्द कॅप्लन यांनीच 2017 साली लिहिले की, हे नाव आता बदलावे. कारण या पेशी शरीरात नवा अवयव घडविण्यापेक्षा औषधी द्रव्ये सोडून काम करतात.

या विविधतेवर एक व्यावहारिक तोड बंगळूरच्या कंपनीने काढली. अनेक दात्यांच्या मज्जेतील पेशी एकत्र करून तिने औषध बनविले, म्हणजे एकाच दात्याच्या गुणदोषांवर सारे अवलंबून राहू नये. बर्गरच्या रोगासाठी त्याला 2016 साली भारत सरकारच्या औषध नियंत्रकांनी मर्यादित परवानगी दिली. गुडघ्याच्या संधिवातासाठी पुढे 2022 साली एक औषध आले. बर्गरच्या रोगात हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडतात, बोटे काळी पडतात, आणि त्याचे कारण तंबाखू. आमच्या जंगलांतले तेंदूपान विडीसाठीच जाते, तेव्हा हे प्रकरण फार दूरचे समजू नये. विडी सोडल्यावाचून या रोगावर कोणत्याही पेशीचा इलाज पुरा पडत नाही.

अर्ज पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात. पेशी कोठून घेतल्या? औषधाला त्याच रोगासाठी परवानगी आहे काय? आणि प्रयोग असेल तर त्याची नोंद राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत आहे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे प्रयोगासाठी रोग्याकडून पैसे घेता येत नाहीत. त्याच नियमांत नाळेतील रक्त साठविण्यास मुभा दिली होती. नाळेचा तुकडा किंवा दाताचा गर साठविण्याच्या धंद्यास नव्हे. रक्ताच्या काही रोगांवरील मज्जारोपण ही गोष्ट मात्र अगदी वेगळी. ती जुनी, मान्य उपचारपद्धती आहे, आणि त्या अर्जांची सरमिसळ या अर्जांशी होऊ देऊ नये.