उःशापाची किंमत

मे महिन्यातल्या अमरावतीत दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. कूलरपुढे सतरंजी अंथरायची आणि पत्ते पिसायचे, हा आमच्या घरचा रिवाज. यंदा मात्र पुण्याहून सुट्टीला आलेल्या पुतण्याने त्या सतरंजीवर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि मूठभर फासे मांडले. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, अगदी वीस बाजूंचेसुद्धा!

खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ साली आणला. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात आणि धाडस साधलं की फसलं, ते फासे ठरवतात. शेजारचा कॉलेजकुमार सूत्रधार झाला, आमची अकरा वर्षांची कन्या योद्धा आणि पुतण्या जादूगार.

हा जादूगार नुसता मंत्र टाकत नाही. गाठीचे पॉइंट खर्चून मंत्राला मुरडही घालतो. एक पॉइंट दिला की मंत्राचा पल्ला दुप्पट होतो, दोन दिले की मंत्र झटपट सुटतो. पुतण्याला एवढ्याने भागेना. त्याने वहीत स्वतःची शक्ती रचली. कोणाचाही मंत्र, एका पॉइंटात, हवा तसा बदलायचा!

तिसऱ्या दुपारी कन्या तलवार टाकून उठली. “मी नाई खेळत. सगळं दादाच करते. मी काऊन बसू?”

पुतण्याचा चेहरा उतरला. “काका, तिलाच वाचवायला केली होती मी ती शक्ती.”

आता फाशांतलं मला काय कळणार? पण शाप आणि वर हा तर आपल्या घरचा विषय. विदर्भाची राजकन्या दमयंती आपली माहेरवाशीण. तिचं कुंडिनपूर म्हणजे तिवसा तालुक्यातलं, वर्धाकाठचं कौंडिण्यपूर, असं आपल्याकडे मानतात. तिचा नवरा नळ फाशांतच राज्य हरला. पुढे ऋतुपर्ण राजाने त्याला फाशांची विद्या दिली, ती फुकट नव्हे. बदल्यात नळाची अश्वविद्या ठरली. कर्कोटक नागाला नारदाचा शाप होता, जागचं हलायचं नाही. पण नळ येऊन उचलेपर्यंतच. पुराणातला शाप सहसा पुसला जात नाही. त्याला उःशाप मिळतो, तोही बहुधा विनवल्यावर. शाप राहतो, त्याला फक्त सीमा पडते.

पुतण्या ऐकत होता. मग त्याने वहीचं पान फाडलं आणि नव्याने लिहिलं. शक्तीचं नाव ‘उःशाप’. साथीदाराने मागितला तरच द्यायचा. मंत्र जितक्या पायरीचा, तितके पॉइंट. मार अर्धाच टळेल आणि टळलेला अर्धा जादूगाराने स्वतः सोसायचा.

आम्ही हिशेब मांडला. तिसऱ्या पायरीचा अग्निगोल म्हणजे सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी मार २८. जादूगार सहाव्या पातळीचा, म्हणून पॉइंट सहा. उःशाप दोनदाच. त्याचा जीव जेमतेम तिसाचा. दोन उःशापांत दादाच आडवा व्हायच्या बेतात! “जमलं,” सूत्रधार म्हणाला. आता शक्ती वापरण्याआधी विचार करावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी अग्निगोल आला. फाशांची बेरीज ३१. कन्येने दादाकडे पाहिलं. मागायचं की नाही, हे आता तिच्या हाती होतं.

“दे ना उःशाप.”

तिच्यावर १५, त्याच्यावर १६. धुरातून तलवार घेऊन तीच पुढे धावली आणि वीस बाजूंच्या फाशावर चक्क १९ पडले. सतरंजीवर असा कल्ला झाला की स्वयंपाकघरातून विचारणा झाली.

रात्री जेवताना तिने आपल्या वाटीतला अर्धा आमरस दादाच्या वाटीत ओतला. त्याने मागितला नव्हता.