बारा दिवसांची अंडी, एका दिवसाची पिल्लं

खुडूक कोंबडीखाली डझनभर अंडी ठेवली आणि एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली, याचं गावात कुणाला नवल वाटत नाही. पण नुसता हिशेब करून पाहा. कोंबडी एका वेळी एकच अंडं देते. दोन अंड्यांमध्ये साधारण पंचवीस-सव्वीस तास जातात. त्यामुळे वेळ रोज थोडी पुढं सरकते आणि मधेच एखाद्या दिवसाचा खाडा पडतो. म्हणजे पहिल्या आणि बाराव्या अंड्याच्या वयात जवळजवळ दोन आठवड्यांचं अंतर असतं. तरी पिल्लं बाहेर येतात ती एक-दीड दिवसाच्या आत, सगळी बरोबरीची. हे जमतं कसं?

अंड्याला थांबता येतं म्हणून. गर्भाची वाढ अंडं कोंबडीच्या पोटात असतानाच सुरू झालेली असते. अंडं बाहेर पडतं तेव्हा पिवळ्या बलकावरच्या फिकट ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. अंडं गार होतं आणि वाढ थबकते. गर्भ मरत नाही, नुसता थांबतो. कोंबडी रोज येऊन एक अंडं देते आणि निघून जाते. आधीची अंडी तशीच थांबून राहतात. शेवटी ती ठाण मांडून बसली, की सगळ्यांचं घड्याळ एकाच वेळी सुरू होतं. पहिल्या अंड्याला आपण थोरले असल्याचा काही फायदा मिळत नाही.

हे थांबणं किती नाजूक असतं, ते बुलढाणा जिल्ह्याइतकं स्पष्ट क्वचितच कुठं दिसेल. इथं माणसं ‘घाटावर’ राहतात नाहीतर ‘घाटाखाली’. बुलढाणा, चिखली, मेहकर हा अजिंठ्याच्या डोंगररांगेचा भाग घाटावरचा. बुलढाणा शहर तर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच. घाट उतरला की मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, पूर्णेचं काळंभोर खोरं. मे महिन्यात तिथं पारा 42 अंशांच्या पुढं जातो आणि पत्र्याच्या घरात रात्रीसुद्धा उकाडा कमी होत नाही. वाढ पुरती थांबायला अंडं विशीच्या आसपास गार राहायला हवं. नीट वाढायला त्याला साडेसदतीस अंश लागतात. या दोन आकड्यांच्या मधे घोटाळा आहे. पस्तीस अंशांच्या खोलीत टोपलीत ठेवलेलं अंडं थांबत नाही आणि धड वाढतही नाही. गर्भ अर्धवट, वेडावाकडा वाढू लागतो आणि काही दिवसांत दगावतो. आपण म्हणतो, गरमीनं अंडी नासली. खरं म्हणजे तिथं एक जीव वेळेआधी जागा झालेला असतो. मला तरी उबवणुकीतली सगळ्यात हळहळ वाटायला लावणारी गोष्ट हीच वाटते.

म्हणून उन्हाळ्यात बसवायची अंडी ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या मडक्यात साठवावीत, निमुळतं टोक खाली करून, आणि तीही तीन-चार दिवसांपेक्षा जास्त नाही. थंडीत आठवडाभर चालतात.

आता कोंबडीकडे वळू. ती खुडूक होते म्हणजे तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं. अंडी देणं बंद होतं, अंडाशय आक्रसतं, पोटावरची पिसं गळून कातडी उघडी पडते आणि तिथला रक्तपुरवठा वाढतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या आसपास असतं. या उघड्या कातडीतून ती ऊब थेट अंड्याला मिळते. पुढची गंमत अंड्याच्या आत आहे. अंडं कसंही फिरवा, बलक आतल्या आत वळतो आणि गर्भाचा ठिपका वरच्या बाजूला येतो. म्हणजे ज्याला उबेची सगळ्यात जास्त गरज, तोच आईच्या पोटाला सगळ्यात जवळ. अंड्यालाही आपली आई कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक असावं, असंच वाटतं!

दिवसरात्र ती चोचीनं आणि पायांनी अंडी हलवत असते. कडेची आत, आतली कडेला. त्यानं सगळ्यांना सारखी ऊब मिळते आणि गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही. दिवसातून एकदा ती उठते, घाईघाईनं दाणे टिपते, पाणी पिते, धुळीत अंग घोळते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत येते. या तीन आठवड्यांत तिचं वजन चांगलंच घटतं. अशा वेळी दाणा-पाणी टोपलीच्या जवळ ठेवलं, बसायला अंधारा, हवेशीर कोपरा दिला आणि उवा होऊ नयेत म्हणून गवताखाली राख किंवा कडुलिंबाचा पाला पसरला, की आपलं काम संपलं.

आतलं काम मात्र विलक्षण वेगानं चालतं. दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस हृदय धडधडू लागतं. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागं टॉर्च धरली तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. काहीच न दिसणारं अंडं काढून टाकावं. कवचावरच्या हजारो सूक्ष्म छिद्रांतून प्राणवायू आत येतो, पाण्याची वाफ बाहेर जाते आणि रुंद टोकाकडची हवेची पोकळी रोज मोठी होते. ते कवच नुसती भिंतही नाही: पिल्लाच्या हाडांना लागणारं बहुतेक कॅल्शियम त्यातूनच येतं.

विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू त्या पोकळीत चोच खुपसतं आणि आयुष्यातला पहिला श्वास घेतं. श्वास आला की आवाजही येतो. कान लावला तर बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते. अंडं गार पडलं तर तो आवाज तक्रारीचा होतो आणि कोंबडी हलून, हळू घुमून त्याला उत्तर देते. आई आणि लेकरं एकमेकांना दिसण्याआधी एकमेकांशी बोललेली असतात.

मग चोचीच्या टोकावरचा पांढरा टणक दाणा कामी येतो. पहिला तडा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा-अठरा तास, कधी त्याहून जास्त लागतात. मदत म्हणून कवच सोलायचा मोह आवरा. आतल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात परतलेलं नसेल तर ते दगावतं. याच सुमारास उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. त्या शिदोरीवर ते दोन दिवस काही न खाता राहू शकतं, म्हणूनच आई मागं राहिलेल्या अंड्यांसाठी बसून राहू शकते.

पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे स्वतःची ऊब धरून ठेवता येत नाही. ती उकिरड्यावर थोडा वेळ चरतात आणि पंखाखाली शिरतात. किडा सापडला की आई एक आवाज काढते, घारीची सावली पडली की दुसरा, आणि तो ऐकताच सगळी जागच्या जागी गोठतात.

अंडी उबवायचं हे अंगभूत वेड नाहीसंही करता येतं. जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड होत गेल्यानं व्हाइट लेगहॉर्न कोंबडी जवळजवळ खुडूक होतच नाही; सरकारी योजनांतून गावोगाव पोचलेल्या वनराजा जातीच्या कोंबडीचंही तेच. या दोन्हींची अंडी यंत्रात उबवावी लागतात, नाहीतर गावरान कोंबडीखाली ठेवावी लागतात. गावरान कोंबडी ती आपली मानते. बदकाची अंडी ठेवली तर अठ्ठावीस दिवससुद्धा बसते.

गावरान वर्षाला फार तर साठ-सत्तर अंडी देते, त्यात खुडूक झाली की तेवढे दिवस अंडी बंद, म्हणून तिला पाण्यात बुचकळून किंवा डालग्याखाली कोंडून ‘उठवायची’ रीत आहे. निदान दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तसं करू नका. दहा-बारा ताजी, फळलेली अंडी तिच्याखाली ठेवा, पिल्लं सात दिवसांची झाली की त्यांना मानमोडी रोगाची लस द्या, आणि बाकीचं तिच्यावर सोपवा.