निरोप सर्वांचा, निर्णय कोणाचा?

पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की तिची छायाचित्रे हातोहाती दूरवर पोचतात. परंतु गाडी पुढे न्यावी की परत फिरवावी, हे कोणी ठरवायचे? दूर विखुरलेल्या माणसांच्या व्हॉट्सॲप-समूहात निरोप सर्वांचा असतो. निर्णय मात्र पुष्कळदा कोणाचाच नसतो.

जुलै २०१८ मध्ये महाराष्ट्राने याचा दारुण प्रत्यय घेतला. १ जुलैला धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवर विसंबून जमावाने भटक्या जमातीतील पाच निरपराध माणसांचा बळी घेतला. अशा अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होत्या. त्या पुढे धाडण्यास सारे तत्पर होते. पडताळणे हे आपले काम, असे मानणारा विरळाच.

त्याच महिन्याच्या २८ तारखेस दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळीच्या दरीत कोसळून ३० जण मृत्युमुखी पडले. वाचलेला एकमेव प्रवासी दरी चढून वर आला, तेव्हा वार्ता बाहेर गेली. महाबळेश्वर परिसरातील गिर्यारोहक दोर लावून खाली उतरले. दोरावरच्या कामात कोणी उतरायचे, दोर कोणी सांभाळायचा आणि अखेरचा शब्द कोणाचा, हे आधीच ठरलेले असते. म्हणूनच तेथे निरोपाचे रूपांतर कृतीत होते.

व्हॉट्सॲपच्या एका समूहात आज १,०२४ माणसे सामावतात. संख्या वाढते तशी जबाबदारी विरळ होत जाते. अंगठ्याची खूण म्हणजे संमती नव्हे आणि मौन म्हणजे तर नव्हेच. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल समूहचालकाला केवळ चालक म्हणून दोषी धरता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले. चालक हा द्वारपाल आहे, सरपंच नव्हे, हाच त्याचा व्यावहारिक अर्थ.

शिवाय साधनाचा भरवसा तरी किती? २२ जुलै २०२१ रोजी महाड पुराने वेढले गेले, तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्या काळात वीज आणि दूरध्वनी दोन्ही कोलमडले होते. समूह मुका झाला, तेव्हा आधी ठरलेलेच काय ते उपयोगी पडणार होते.

तेव्हा गाव केव्हा सोडायचे, शाळा कोणाच्या शब्दावर सोडायची, निरोपाची खातरजमा कोणी करायची, हे मृग लागण्यापूर्वी ग्रामसभेत समोरासमोर ठरले पाहिजे. यंत्राने निरोप न्यावा. निर्णयाखाली माणसाचे नाव असावे.